ट्रान्स्क्रिप्ट मागून पुढे वाचतात

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा तेवीस वर्षांचा आहे, त्याला डॉक्टर व्हायचंय. मागच्या मे महिन्यात न्यू जर्सीतून बायॉलॉजीची पदवी घेतली, एकूण जीपीए (ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १ धरून काढलेली सरासरी) २.८६. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या दुसऱ्या सत्रात डी, फिजिक्सच्या दोन्ही सत्रांत सी. एप्रिलमध्ये घाईघाईत एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, दिली आणि ४९८ आले. आता घरात चार मतं आहेत. दीर म्हणतात, डी आलेला कोर्स पुन्हा घेतला की जुना पुसला जातो. मैत्रीण म्हणते, एक वर्षाचं मास्टर्स करा. कॅरिबियनमधल्या एका कॉलेजचा माणूस आठवड्याआड फोन करतो. सासूबाईंचं म्हणणं, पुण्याला पाठवा, डॉक्टर होऊनच येईल. आणि तुमचा प्रश्न : यातलं काय करावं, आणि येत्या जूनमध्ये अर्ज भरावा का?

शेवटचं आधी सांगते. येत्या जूनमध्ये अर्ज भरू नका. बाकीच्यासाठी जरा बैठक मारून वाचावं लागेल. मी बरीच वर्षं एका स्टेट युनिव्हर्सिटीत प्री-मेडच्या, म्हणजे मेडिकल स्कूलची तयारी करणाऱ्या, मुलांना सल्ला देते आहे आणि मधली काही वर्षं मेडिकल स्कूलच्या प्रवेश समितीवरही बसले आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी अर्ज पाहिलेत, त्या भरवशावर लिहिते.

आधी गणित करू, कारण ते न करताच लोक पैसे भरून मोकळे होतात. तुम्ही चारही वर्षांचे आकडे पाठवलेत ते बरं केलंत : ३.२०, २.२०, २.८०, ३.२४. वर्षाला ३२ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन), एकूण १२८. आता समजा त्याने आणखी एक पूर्ण वर्ष, म्हणजे ३२ क्रेडिट, सगळे ए मिळवून केले. एकूण जीपीए किती होईल? ३.०९. दोन वर्षं घालून ६० क्रेडिट सगळे ए मिळवले तरी ३.२२. आणि ३.५ गाठायचं असेल तर जवळजवळ १६४ क्रेडिट लागतील, तेही एकही बी न घेता. म्हणजे नवी पदवी आणि वर आणखी एक वर्ष. अमेरिकेतल्या एमडी शाळांत (इथे एमडी हीच डॉक्टरकीची पहिली पदवी) प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.८ च्या जवळ आहे आणि एमकॅटची ५१२ च्या आसपास. त्या ३.८ पर्यंत तुमचा मुलगा जन्मात पोचणार नाही. हे कठोर वाटेल, पण ही आशा एकदा सोडली की पुढचं सगळं सोपं होतं, कारण सरासरी दुरुस्त करण्याच्या मागे लागून होणारा खर्च थांबतो.

याच गणितात एक चांगली बातमीही आहे. २.८६ वरून ३.० ला यायला त्याला फक्त १८ क्रेडिट ए लागतात. काही शाळांत माणसाने अर्ज उघडण्याआधीच आकड्यांची चाळणी लागते आणि ३.० ही तिथली नेहमीची रेषा असते. तेवढी ओलांडली की अर्ज निदान वाचला जाण्याची शक्यता तरी निर्माण होते. त्या पलीकडे मात्र सरासरीने फार काही करायचं नसतं.

मग काय बघतात? समितीवर असताना माझी सवय अशी होती, आणि शेजारी बसणाऱ्यांचीही बहुतेक तीच, की ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांची गुणपत्रिका, शेवटून सुरू करायची. हा मुलगा आज कसा विद्यार्थी आहे हे कळलं की मग मागे जाऊन, कुठे घसरला आणि कधी सावरला ते शोधायचं. अर्जाची रचनाही त्याला सोयीचीच आहे. एमडी शाळांचे बहुतेक अर्ज ज्या ॲमकॅस नावाच्या एकत्रित व्यवस्थेतून जातात, तिथे जीपीएचा एक आकडा नसतो, तक्ता असतो. फ्रेशमन, सॉफमोर, ज्युनिअर, सिनिअर (पहिलं ते चौथं वर्ष) अशा ओळी, आणि त्यांच्या खाली पदवीनंतर घेतलेल्या अंडरग्रॅज्युएट कोर्सेसची वेगळी ओळ, तिला पोस्टबॅक म्हणतात. प्रत्येक ओळीत बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा मिळून एक आकडा, बाकी विषयांचा दुसरा आणि एकत्रित तिसरा. तुमच्या मुलाच्या तक्त्यात २.२ च्या खाली २.८, त्याखाली ३.२४, आणि त्याखाली पोस्टबॅकच्या ओळीत ३.९ असेल, तर वाचणारा थबकतो. एकूण जीपीए ३.१ च का असेना. त्याच एकूण ३.१ चा दुसरा मुलगा चारही वर्षं ३.१ वरच रेंगाळलेला असेल, तर त्याच्याबद्दल समितीला बोलायला काहीच नसतं.

आता दिरांचा मुद्दा. तो चूक आहे, पण त्यांचा दोष नाही. पुष्कळ कॉलेजं स्वतःच्या ट्रान्स्क्रिप्टवर जुना ग्रेड काढून नवा मोजतात, त्यामुळे तसं वाटतं. ॲमकॅस दोन्ही मोजतं. डी पण, आणि नंतरचा ए पण. डीओ (इथली डॉक्टर होण्याची दुसरी पदवी, तिच्याबद्दल पुढे लिहिते) शाळांची अर्जव्यवस्था पूर्वी नवा ग्रेडच मोजायची, ती सवलत २०१७ मध्ये गेली. मात्र लोक अजून जुन्या ऐकीव माहितीवर चालतात. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत दहा वर्षांहून जुने सगळे क्रेडिट बाजूला ठेवण्याची एक सोय आहे, पण ती टेक्सासच्या रहिवाशांसाठी, आणि त्यात चांगले ग्रेडही जातात. तुमच्या मुलाला तिचा उपयोग नाही.

तरीही ऑरगॅनिकचा डी त्याने पुन्हा घ्यावा. जुना पुसला जाणार नाही, पण बहुतेक शाळा आवश्यक विषयात किमान सी मागतात आणि डी असताना ती अट पुरीच होत नाही. फिजिक्सचे सी मात्र तसेच राहू द्या. इथे पालक हमखास चुकतात. सी आलेला प्रत्येक विषय पुन्हा घेतला की दोन वर्षं मागच्या वाटेवर जातात, आणि मिळालेल्या ए कडे बघून समिती म्हणते, ‘दुसऱ्यांदा तर येणारच.’ त्यापेक्षा पुढचे, अधिक अवघड कोर्स घ्यावेत : बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायॉलॉजी, जेनेटिक्स, इम्युनॉलॉजी. बायोकेमिस्ट्रीतला ए हा ऑरगॅनिकमधल्या कमी ग्रेडवरचा सगळ्यात चांगला उतारा आहे, आणि एमकॅटलाही त्याचाच उपयोग होतो.

पण हे सगळं नंतर. त्याआधी एक प्रश्न आहे, ज्याबद्दल तुमच्या पत्रात एकच शब्द आहे : ‘आळस’.

मला तो पटत नाही. आळशी मुलाचा आलेख असा नसतो. पहिल्या वर्षी ३.२, मग एकदम २.२, मग हळूहळू वर. हा आलेख कुठेतरी आपटलेल्या आणि लंगडत उठलेल्या मुलाचा आहे. दुसऱ्या वर्षी काय झालं? तुम्ही एका ओळीत जाता जाता लिहिलंय की त्याच्या बाबांची नोकरी त्याच वर्षी गेली आणि मुलगा हॉस्टेल सोडून घरून ये-जा करू लागला. रोज किती तास प्रवासात जात होते? नोकरी करत होता का, आठवड्याला किती तास? झोप? मनाने खचला होता का? एखाद्या डॉक्टरला दाखवलं होतं का? या उत्तरांवर पुढचा अख्खा मार्ग अवलंबून आहे, आणि ही उत्तरं तुमच्याकडे नसतील, त्याच्याकडे असतील.

दुसरी शक्यता मला जास्त वेळा दिसते आणि ती घरात कुणाच्या लक्षात येत नाही. हायस्कूलमध्ये हुशार असलेली मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून ए मिळवतात. स्मरणशक्ती चांगली असते, भागून जातं. कॉलेजचं पहिलं वर्षही निभतं. ऑरगॅनिक आला की ती युक्ती फसते, कारण तिथे पान डोळ्यांसमोर आणून उपयोग नसतो. कोरा कागद घेऊन इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो ते स्वतः काढावं लागतं. अशी मुलं मग जास्त तास बसतात, रंगीत पेनांनी अधोरेखित करतात, तोच धडा चौथ्यांदा वाचतात. वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतं असा समज होतो. परीक्षेत पुस्तक समोर नसतं, तेव्हा कळतं.

यावर उपाय माहीत असलेला आहे, नुसता कंटाळवाणा आहे. पुस्तक मिटून आठवेल ते लिहायचं, मग उघडून बघायचं. तीच गोष्ट दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. प्रश्न सोडवायचे ते धडा संपल्यावर नाही, धडा सुरू असतानाच. आणि एक चुकांची वही. ही वही मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला करायला लावते. उत्तर काय होतं ते तिच्यात लिहायचं नाही, आपण का चुकलो ते लिहायचं. माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, दोन संकल्पनांची गल्लत झाली, की वेळ संपला? महिनाभराने वही चाळली की बहुतेक चुका दोन-तीन जातींच्याच निघतात. एका मुलीच्या वहीत साठपैकी जवळपास निम्म्या चुका ‘प्रश्न पूर्ण वाचला नाही’ अशा होत्या. ती दोन वर्षं नव्या नोट्स विकत घेत बसली होती.

कारण सापडण्याआधी कोर्स घेऊ नयेत, हे मी हट्टाने सांगते. एक मुलगा आठवतो. जीपीए तुमच्या मुलासारखाच. पदवी झाल्या झाल्या, ‘आता दाखवतो’ म्हणून एका सत्रात पाच सायन्स कोर्स घेतले, वर रात्रपाळीची नोकरी. तीन बी-मायनस आले. त्या तीन बी-मायनसनी त्याचं जेवढं नुकसान केलं, तेवढं आधीच्या सगळ्या सींनी मिळून केलं नसेल. जुन्या सींना सबब होती. नव्या ग्रेडला काय सांगणार? नंतर त्याला आणखी दोन वर्षं लागली.

म्हणून जानेवारीत दोनच कोर्स. ऑरगॅनिकचं दुसरं सत्र आणि बायोकेमिस्ट्री एकत्र नको, कारण एकावर दुसरं उभं आहे. ऑरगॅनिक आणि सोबत फिजिऑलॉजी चालेल. दोन्हीत ए आला, तर सप्टेंबरमध्ये तीन किंवा चार, आणि त्यापुढच्या जानेवारीत पुन्हा तेवढेच. शेवटची दोन सत्रं तरी पूर्ण भाराची हवीत, कारण मेडिकल स्कूलमध्ये एका वेळी दोनच विषय असा प्रकार नसतो आणि समितीला तीच शंका असते. पहिल्या सत्रात ए आला नाही, तर तिथेच थांबायचं. पुढच्या सत्राची फी न भरता कारण पुन्हा शोधायचं. अर्धवट सोडलेल्या कोर्सचा डब्ल्यू जीपीएत मोजला जात नाही, पण दिसतो. एखादा असेल तर कोणी विचारत नाही. पोस्टबॅकमध्ये तीन असले तर विचारतात.

कोर्स कुठे घ्यावेत? पोस्टबॅक या एकाच नावाखाली दोन वेगळे प्रकार असतात आणि त्यात लोक फसतात. ब्रिन मॉर किंवा गाउचरसारखे नावाजलेले कार्यक्रम हे साहित्य, अर्थशास्त्र वगैरे शिकून नंतर डॉक्टरकीकडे वळणाऱ्यांसाठी आहेत. ज्याने सायन्सचे आवश्यक विषय आधीच केलेत त्याला ते घेत नाहीत. तुमच्या मुलाला हवा तो दुसरा प्रकार, ग्रेड सुधारण्यासाठीचा. आणि त्यासाठी नावाचा कार्यक्रम हवाच असंही नाही. जवळच्या स्टेट युनिव्हर्सिटीत पदवीनंतरचा विद्यार्थी म्हणून नाव घालून तो हेच कोर्स बऱ्याच कमी पैशांत करू शकतो. कार्यक्रमात मिळतो तो ॲडव्हायझर, शिफारसपत्रांची सोय आणि सोबत. स्वतःच केलं तर ते सगळं स्वतः जमवावं लागतं. कम्युनिटी कॉलेज पैशांच्या दृष्टीने चांगलं, एखाद्या कोर्सला कोणी नाक मुरडत नाही. पण वरच्या पातळीचे सायन्स कोर्स चार वर्षांच्या कॉलेजातच हवेत.

आता मैत्रिणीने सुचवलेलं मास्टर्स. त्याला स्पेशल मास्टर्स म्हणतात. जॉर्जटाऊन, बोस्टन युनिव्हर्सिटी अशा ठिकाणी हे कार्यक्रम आहेत आणि काहींत मुलं मेडिकलच्या पहिल्या वर्षाचेच विषय शिकतात. उत्तम गुण मिळवले तर ‘हा मुलगा आमचा अभ्यासक्रम पेलतो’ याचा याहून थेट पुरावा नाही. पण दोन गोष्टी जाहिरातीत ठळक नसतात. एक, हे पदव्युत्तर क्रेडिट आहेत. ॲमकॅसच्या तक्त्यात ते अंडरग्रॅज्युएट आकड्यात मिसळत नाहीत, त्यांची ओळ वेगळी. म्हणजे २.८६ तिथेच राहतो आणि ३.० ची चाळणी तशीच उभी राहते. दोन, ही शेवटची खेळी असते. इथे बी आणि बी-प्लस मिळाले, तर यापुढे दाखवायला काही उरत नाही. शिवाय पैसा. पदव्युत्तर शिक्षणासाठी पालक ज्या ग्रॅड प्लस या सरकारी कर्जावर विसंबत, ते १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. मेडिकल स्कूललाही सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. मास्टर्सवर आधीच हात रिकामा केला, तर पुढे खाजगी कर्जाच्या दारात उभं राहावं लागेल. माझं मत : आधी पोस्टबॅक, अंडरग्रॅज्युएट आकडा ३.० च्या वर, एमकॅट चांगली. आणि तरीही एका फेरीत काही झालं नाही, तर मास्टर्स. तेही अशा ठिकाणी, जिथे त्याच संस्थेची मेडिकल स्कूल आपल्या मास्टर्सच्या मुलांना मुलाखतीला बोलावते. किती जणांना बोलावते ते प्रवेश घेण्याआधी स्पष्ट विचारावं. गोलमोल उत्तर आलं तर ते उत्तर समजावं.

एमकॅटबद्दल. ४७२ ते ५२८ असं हे माप आहे, मध्य ५००. चार विभाग, प्रत्येकी ११८ ते १३२. ४९८ म्हणजे पाया कच्चा असताना दिलेली परीक्षा. त्याने काही बिघडलेलं नाही, पण पुन्हा तसं होता कामा नये. वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून चारदा आणि आयुष्यात सातदाच ती देता येते. नाव नोंदवून गैरहजर राहिलं किंवा त्या दिवशी निकाल रद्द करवला, तरी ती खेप मोजली जाते. कमी जीपीए असलेल्याची एमकॅट सरासरीपेक्षा वर असावी लागते, कारण तीच एक गोष्ट देशभर सगळ्यांना सारखी आहे; कॉलेज सोपं की अवघड हा वाद तिथे नाही. बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी पदरात पडल्यावर, सरावाच्या पूर्ण लांबीच्या पेपरांत सलग तीनदा हवा तो आकडा आला, तरच तारीख पक्की करावी. हे पेपर परीक्षा घेणाऱ्या एएएमसीचेच असावेत. खाजगी क्लासच्या पेपरांतले आकडे कधी घाबरवतात, कधी फसवतात. वाचनाचा जो विभाग आहे, शास्त्राशी संबंध नसलेल्या उताऱ्यांचा, तो आपल्या मुलांना जड जातो. त्यासाठी रोज एक कठीण लेख वाचून लेखकाचं म्हणणं दोन ओळींत लिहायची सवय लावावी. हे काम दोन महिन्यांत होत नाही, आजपासून सुरू करावं लागतं.

कॅरिबियनचा माणूस फोन करतो, कारण तो त्याचा धंदा आहे. तिथून शिकून इथे उत्तम काम करणारे डॉक्टर मी ओळखते, त्यामुळे मी त्या वाटेला नावं ठेवत नाही. पण आकडा बघा. रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाच्या, जागावाटपात (त्याला मॅच म्हणतात) अमेरिकन एमडी शाळांच्या शेवटच्या वर्षातले ९३ टक्क्यांच्या आसपास विद्यार्थी जागा मिळवतात, डीओचे ९२ च्या आसपास. परदेशात शिकलेले अमेरिकन नागरिक ६७ च्या आसपास. आणि त्या ६७ मध्ये मधेच गळालेली मुलं धरलेलीच नाहीत, कारण ती मॅचपर्यंत पोचतच नाहीत. तिथल्या कॉलेजांत प्रवेश सोपा आणि टिकणं कठीण. ज्याची अभ्यासाची पद्धत अजून दुरुस्त झालेली नाही अशा मुलाला तिथे पाठवणं म्हणजे त्याच खड्ड्यात, पण कर्ज काढून. फोनवाल्याला एकच विचारा : पहिल्या वर्षी जेवढे बसले, त्यातले किती जण ठरलेल्या वेळेत पदवी घेऊन बाहेर पडले?

सासूबाईंना सांगा, भारतातही आता नीटशिवाय एमबीबीएसला प्रवेश नाही, एनआरआय कोट्यातही नाही. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप करून तो परत आला, की इथे परदेशी पदवीधर म्हणूनच रांगेत उभा राहणार. त्याला तिकडे राहून काम करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

डीओबद्दल तुमच्या पत्रात काहीच नाही, आणि आपल्या लोकांत हा विषय निघाला की चेहरे पडतात, हेही मला माहीत आहे. डीओ डॉक्टर औषधं देतात, शस्त्रक्रिया करतात, पन्नासही राज्यांत त्यांना एमडीसारखाच परवाना मिळतो, आणि २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची मान्यताही एकाच व्यवस्थेखाली आहे. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.६ च्या आसपास, एमकॅट ५०४ च्या आसपास. सावरलेल्या ट्रान्स्क्रिप्टकडे या शाळा जास्त मोकळ्या मनाने बघतात, असा माझा अनुभव. तुमच्या मुलाची खरी संधी इथे सगळ्यात मोठी आहे. अर्जासाठी एखाद्या डीओ डॉक्टरचं शिफारसपत्र असलेलं बरं, म्हणून एका डीओ डॉक्टरबरोबर शॅडोइंग, म्हणजे सोबत राहून काम बघणं, आत्ताच सुरू करावं. समारंभात कोणी विचारलं तर ‘मेडिकलला आहे’ एवढं उत्तर पुरतं.

अर्ज लिहिताना घसरणीचं काय करायचं, ते लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. निबंधाला ५,३०० अक्षरांची मर्यादा असते, मोकळ्या जागा धरून. त्यातली तीन-चार वाक्यं पुरेत : काय झालं, मी काय बदललं, त्यानंतर काय दिसलं. बाबांची नोकरी गेली हे लिहावं, पण त्यावर रेंगाळू नये. प्राध्यापकांना दोष देऊ नये. आणि ‘या संकटाने मला खूप शिकवलं’ हे वाक्य नको. समितीने ते हजारदा वाचलंय. ‘आठवड्याला तीस तास काम करत होतो, ते दहावर आणलं, आणि पुढच्या ३२ क्रेडिटमध्ये ३.९ आला’ हे वाक्य पुरेसं आहे. (तीस मी अंदाजाने लिहिलं. खरं काय ते त्याला विचारा.)

एक गोष्ट लपवू नका. दुसऱ्या वर्षी २.२ होता, म्हणजे एखादं सत्र २.० च्या खालीही असू शकतं. तेव्हा कॉलेजने प्रोबेशनचं, म्हणजे कमी गुणांबद्दलच्या ताकिदीचं, पत्र दिलं होतं का? वाईट कामगिरीमुळे संस्थेने काही कारवाई केली होती का, हे अर्जात थेट विचारतात, आणि नंतर ती नोंदीतून काढून टाकलेली असली तरी सांगावी लागते. सांगितलेलं प्रोबेशन हा एक परिच्छेद असतो. लपवलेलं सापडलं तर प्रवेशच रद्द होतो. त्याच्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून लेखी माहिती घ्या. तसंच, दुसऱ्या वर्षी त्याच्या आजारपणाचे वैद्यकीय कागद असतील, तर बऱ्याच विद्यापीठांत ते सत्र मागाहून वैद्यकीय कारणास्तव काढून घेण्याचा अर्ज करता येतो. मुदत असते, पुरावा लागतो आणि मंजूर होईलच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

पेशंटशी संबंध येणारं काम, सेवा, शॅडोइंग हे सगळं लागतंच, पण त्याने ग्रेड भरून निघत नाहीत. आठवड्याला आठ-दहा तास स्क्राइब (डॉक्टरच्या नोंदी लिहिणारा) किंवा ईएमटी (रुग्णवाहिकेवर तातडीची मदत करणारा), दोन वर्षं सलग, एवढं भरपूर. पहिल्या सत्रात तेही कमी.

म्हणजे हिशेब असा होतो : येत्या जानेवारीत सुरुवात, त्यापुढच्या वर्षी वसंतात एमकॅट, त्याच वर्षी जूनमध्ये एमडी आणि डीओ दोन्ही अर्ज, तेही पहिल्या आठवड्यात. उशिरा भरणाऱ्याला पडताळणीतच महिना-दीड महिना जातो आणि तोवर मुलाखतींच्या जागा भरत राहतात. सगळं जमलं तर तो सव्विसाव्या वर्षी पहिल्या वर्षाला बसेल. प्रवेश घेणाऱ्यांचं सरासरी वय चोविसाच्या आसपास असतं, तेव्हा वर्गात तो काही काका ठरणार नाही.

जुन्या कॉलेजची प्री-हेल्थ समिती कमी जीपीएच्या मुलांना एकत्रित शिफारसपत्र देत नाही, असं तुम्ही लिहिलंत. खूप ठिकाणी तसंच आहे. हरकत नाही, नव्या प्राध्यापकांची वैयक्तिक पत्रं चालतात. पण त्यासाठी त्याला ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत, जावं लागेल, दुसऱ्या आठवड्यापासून, प्रश्न घेऊन. जो मुलगा मागच्या बाकावर बसून ए मिळवतो, त्याच्याबद्दल प्राध्यापक फक्त ‘याला ए मिळाला’ एवढंच लिहू शकतात.

आता शेवटचं काम, आणि ते तुमचं नाही. आतापर्यंत ज्या ज्या कॉलेजात एकही कोर्स घेतला असेल त्या सगळ्यांच्या ट्रान्स्क्रिप्ट, उन्हाळ्यातल्या कम्युनिटी कॉलेजचीही, त्याने स्वतः काढाव्यात. एका तक्त्यात प्रत्येक कोर्स, क्रेडिट आणि ग्रेड भरावा, ए-मायनस ३.७, बी-प्लस ३.३ असं धरून सायन्सचा आकडा वेगळा काढावा. तुम्ही मला एकूण २.८६ कळवलात, सायन्सचा नाही. तो बहुधा याहून कमी असेल आणि तो बघितल्याशिवाय जानेवारीतले कोर्स ठरवता येणार नाहीत. तक्त्याखाली त्याने दुसऱ्या वर्षाबद्दल अर्धं पान लिहावं, मराठीत किंवा इंग्रजीत, जसं सुचेल तसं. आणि ते मला त्याने स्वतः पाठवावं. या वेळी पत्र तुम्ही लिहिलंत, ते मी समजू शकते. पुढचं त्याचं यावं.